गल्ली आपापली, नाका सगळ्यांचा

मुंबई सेंट्रलहून नागपाड्याच्या नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्याचं पाटीवरचं नाव जहांगीर बोमन बेहराम मार्ग. तोंडातलं नाव बेलासिस रोड. टॅक्सीवाल्याला बेहराम मार्ग सांगून बघा, तो मान वळवून तुमच्याकडे बघेल. बेलासिस म्हटलं की मीटर पाडेल.

बेलासिस हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला मेजर जनरल. 1793 साली त्याच्या देखरेखीखाली हा रस्ता झाला. रस्त्याला गोऱ्या सेनाधिकाऱ्याचं नाव असण्यात मुंबईत नवल नाही. नवल आहे ते त्या रस्त्यावर घाम कुणी गाळला याचं. सुरतेकडे दुष्काळ पडला होता आणि माणसं पोट घेऊन मुंबईला आली होती. त्यांच्यासाठी गावातून वर्गणी गोळा झाली, आणि त्या पैशातून या उपाशी माणसांना हाताला काम म्हणून रस्ता बांधायला लावला. ही हकीकत तेव्हाच दगडावर कोरून ठेवली गेली. आपल्याकडे रोजगार हमीचा कायदा यायला तेव्हा पावणेदोनशेहून जास्त वर्षं होती.

नागपाड्याची गोष्ट सांगायला मला यापेक्षा चांगली सुरुवात सापडत नाही. आज जी वस्ती आपण नागपाडा म्हणून ओळखतो, ती आकाराला येण्याच्या कितीतरी आधी तिचा मुख्य रस्ता बाहेरगावच्या भुकेल्यांनी बांधला. पुढे त्या रस्त्यावरून जो जो आला तोही बहुतेक बाहेरचाच होता: कोकणातून, तेलंगणातून, बगदादहून, बनारसकडून, इराणातून, चीनमधून. बहुसांस्कृतिक हा शब्द अलीकडे लेखांत आणि परिसंवादांत फार वापरला जातो. या भागातली माणसं त्याला साध्या शब्दांत 'मिक्स वस्ती' म्हणतात. मिक्स वस्ती कशी तयार होते, कशावर टिकते आणि कशाने विरते, हे बघायचं तर नागपाडा, कामाठीपुरा, मदनपुरा आणि आग्रीपाडा हा मैलभराचा पट्टा पायी फिरावा.

मुळात ही जमीनच धड नव्हती. भरतीचं पाणी महालक्ष्मीच्या बाजूने आत घुसायचं आणि बेटाच्या मध्यावरचा सखल भाग दलदलीत जायचा. उमरखाडी आणि पायधुणी ही नावं त्या पाण्याची आठवण आहेत. पायधुणीला माणसं खरोखरच पाय धुऊन गावात शिरत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीच्या बाजूला हॉर्नबी वेलार्डचा बांध झाला, समुद्र अडला, आणि मागच्या दलदलीत हळूहळू भर पडत गेली. या नव्या ओल्या जमिनीवर जे राहायला आले त्यांना चांगल्या जागा मिळण्यासारख्या नव्हत्या. त्यांतले कामाठी हे तेलंगणाकडून आलेले बांधकाम मजूर. माती उपसणं, भराव टाकणं, दगड वाहणं, इमारती उभ्या करणं ही त्यांची कामं. शहराच्या भिंती त्यांनी रचल्या आणि त्यांचं नाव उरलं ते कामाठीपुऱ्यात. पुढे त्या नावाला जो अर्थ चिकटला त्यात त्या मजुरांचा काडीचा दोष नव्हता. आजही मुंबईबाहेरच्या माणसाला कामाठीपुरा म्हटलं की एकच गोष्ट आठवते, आणि शहर बांधणाऱ्या तेलुगू माणसाच्या आठवणीवर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

आता आपल्या कोकणातून आलेल्या एका समाजाकडे वळतो. इथे जरा थांबणार आहे, कारण मराठी वाचकाला तो जवळचा असूनही फारसा ठाऊक नसतो.

बेने इस्रायल म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांच्यात परंपरेने सांगतात की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं आणि त्यातून वाचलेल्या मोजक्या स्त्रीपुरुषांपासून हा समाज वाढला. कुलाबा जिल्ह्याच्या गावागावांत ते तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, दिवेकर, आष्टमकर, किहीमकर. बोली मराठी, बायकांच्या अंगावर लुगडं. ज्यू धर्माची किती आठवण त्यांनी जपली होती हे त्यांच्या सणांच्या जुन्या नावांतून दिसतं. हिब्रू नावं विस्मरणात गेली होती. घरातल्या बायकांनी आपल्या डोळ्यांना जे दिसलं त्यावरून नावं ठेवली. नव्या वर्षाचा तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारं लावून दिवसभर कुणाला भेटायचं नाही, तो दारफळणीचा सण. जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या दुःखाचा दिवस बिरड्याचा, कारण त्या दिवशी मोड आलेल्या वालाचं बिरडं खायचं. पुरीम फाल्गुनाच्या आसपास येतो, म्हणून तो झाला होळीचा सण. आणि पेसाहचा, म्हणजे इजिप्तमधून सुटकेचा जो मोठा सण, त्याचं नाव घरातलं आंबटाचं भांडं झाकून ठेवण्यावरून पडलं होतं. इजिप्त आणि फारो विसरले गेले, आंबवलेलं खायचं नाही एवढं लक्षात राहिलं. धर्म पोथीवाचून कसा टिकतो याचं इतकं बोलकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. स्वयंपाकघराने तो टिकवला.

ही माणसं अठराव्या शतकात मुंबईला येऊ लागली. कंपनीच्या पलटणीत, पुढे रेल्वेत, पोस्टात, इस्पितळांत नोकऱ्या करू लागली. सॅम्युअल इझिकेल दिवेकर हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडून तो सुटून आला, आणि 1796 मध्ये मांडवीला त्याने समाजाचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. बेने इस्रायल लोक सिनेगॉगला 'मशीद' म्हणत. मस्जिद बंदर स्टेशनच्या नावाचं मूळ काही जण याच जुन्या मशिदीत शोधतात. शहर उत्तरेकडे सरकलं तसा हा समाजही सरकला आणि नागपाडा, आग्रीपाडा, भायखळा, माझगाव इथे पसरला. 1875 मध्ये हाईम सॅम्युअल किहीमकरांनी समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे ती माझगावला सर एली कदूरी हायस्कूल म्हणून नावारूपाला आली. कीर्तन ऐकून मोठी झालेली ही माणसं. त्यांनी मोशे आणि योसेफ यांच्या कथांवर मराठी कीर्तनं रचली, पूर्वरंग, उत्तररंग, टाळ-पेटीसकट. 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या पेसाहच्या पोथीत, हागादात, एक चित्र आहे: बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका, आणि सगळ्या साड्या नेसलेल्या.

मलिद्याचं ताटही बघण्यासारखं असतं. नवस फेडायचा असला, लग्न ठरलं, नव्या घरात पाऊल टाकायचं असलं की मलिदा. भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, सुका मेवा. भोवती फळं मांडलेली, वर गुलाबाची फुलं, वासाला सब्जाची पानं. एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, याच्या नावाने हिब्रूत गाणं म्हणतात आणि मग ताट सर्वांपुढे फिरतं. तो एलिया कोकणातल्या खंडाळे गावी रथासकट उतरला होता अशी त्यांची श्रद्धा. तिथल्या खडकावर रथाच्या चाकांच्या खुणा दाखवतात. सत्यनारायणाच्या प्रसादाला जाणारा शेजारी या ताटापाशी परका राहत नाही. पोहे आणि नारळ ओळखीचे, वरचं गाणं तेवढं नवं.

याच भागात दुसरे ज्यू आले ते बगदादहून. डेव्हिड ससून हे त्यांतलं सर्वांत मोठं नाव. बगदादच्या पाशाच्या जाचातून निसटून इराणी आखातातल्या बुशहरमार्गे ते 1832च्या सुमारास मुंबईत आले. कापूस आणि अफू यांच्या व्यापारात त्यांनी अफाट पैसा केला. अफूचा उल्लेख गाळायचा नाही. मुंबईतल्या पुष्कळ देखण्या इमारतींच्या पायात चीनला गेलेल्या त्या पेट्या आहेत. भायखळ्याला त्यांनी 1860च्या दशकाच्या सुरुवातीला मागेन डेव्हिड हे सिनेगॉग बांधलं. निळा रंग, उंच खांब, वर घड्याळाचा मनोरा. 1910 मध्ये त्यांचा नातू जेकब ससून याने ते वाढवलं. आवारात ससूनांच्या नावाच्या शाळा उभ्या राहिल्या. बगदादी कुटुंबं घरात अरबी बोलत, पुढे इंग्रजी.

कोकणचे ज्यू आणि बगदादचे ज्यू एकाच वस्तीत राहिले म्हणून एक झाले का? तर मुळीच नाही. बगदादींच्या मनात बेने इस्रायलांच्या ज्यूपणाबद्दलच शंका होती. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. त्या दहात कोकणी ज्यूंना धरायला ते राजी नसत. 1836 मध्ये बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की दफनभूमीत दोन समाजांच्या कबरींमध्ये भिंत घालून द्यावी. परक्या देशात येऊन पडलेली, एकाच देवाला मानणारी, एकाच दिवशी दुकान बंद ठेवणारी माणसं, आणि तरी मेल्यावर शेजारी नकोत. मिक्स वस्तीबद्दल जे गोड गोड बोललं जातं त्याला ही भिंत आठवून जरा आवर घालावा असं मला वाटतं.

भेद तर पावलोपावली होते. कामाठ्यांच्या गल्ल्या वेगळ्या, ज्यूंच्या वेगळ्या. मदनपुऱ्यात 1857 नंतर उत्तरेकडून आलेल्या जुलाह्यांची, म्हणजे मोमीन अन्सारी विणकरांची वस्ती झाली. तिथल्या भिंतींमागून हातमागांचा खटखटाट ऐकू येई आणि बोली उर्दू-पुरबी. मिशनच्या आसऱ्याने राहिलेले मराठी ख्रिस्ती भायखळ्याला. घाटावरून आणि कोकणातून आलेले गिरणी कामगार आग्रीपाड्याच्या चाळींत. चाळींतही जातीप्रमाणे मजले आणि नळ वाटलेले असत. गल्ली ज्याची त्याची होती.

नाका मात्र सगळ्यांचा होता. माझ्या समजुतीप्रमाणे या वस्तीचं सारं रहस्य तिथे आहे. नाका म्हणजे नुसती चार रस्त्यांची भेट नव्हे. शाळेचा बाक, मैदान, इराण्याचं टेबल, दवाखान्याच्या बाहेरची रांग, नाटकाचा पडदा हे सगळे नाकेच. घराच्या उंबऱ्याआड जे जमलं नाही ते इथे रोज घडत होतं, कारण गरज होती.

इराण्याचंच बघा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी यझ्द आणि केरमानकडून आलेले हे लोक. हॉटेल कोपऱ्यावर, दोन बाजूंनी उघडं, संगमरवरी टेबलं, बेंटवूडच्या खुर्च्या. हिंदू खानावळीत जात विचारली जाण्याच्या काळात इराण्याकडे फक्त एक आणा विचारला जायचा. पाणी कम चहा, ब्रून मस्का, आणि समोरच्या खुर्चीवर कोण बसलंय याची चौकशी नाही. नागपाड्याच्या पोलीस ठाण्यासमोरचं सर्वी अजून आपल्या सीख कबाबांसाठी नावाजलेलं आहे. सआदत हसन मंटो 1936 ते 1948 या काळात, मधला थोडा खंड सोडला तर, मुंबईत होता आणि त्यातली बरीच वर्षं जवळच क्लेअर रोडवर राहिला. त्याच्या 'मोझेल' कथेतली ती बिनधास्त ज्यू मुलगी आणि तिच्यावर जीव टाकणारा शीख तरुण ही जोडी अशाच वस्तीत शेजारी राहू शकते. आज क्लेअर रोडचं नाव मिर्झा गालिब मार्ग आहे.

मैदानाची गोष्ट याहून मोठी. क्लिफर्ड मॅनशर्ट हा अमेरिकन मराठी मिशनचा तरुण 1925 मध्ये मुंबईला आला. धर्मशास्त्र शिकलेला, पण वस्तीत राहून त्याचा कल सेवेकडे झुकला. 1926 मध्ये मिशनने नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू केलं. वाचनालय, रात्रीचे वर्ग, दवाखाना, व्याख्यानं, खेळ; येणाऱ्याला धर्म विचारायचा नाही. शेजारपण हीच एक संस्था असू शकते ही कल्पना इथल्या लोकांना नवी होती. या घराच्या आश्रयाने 1936 मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं आणि मॅनशर्ट त्याचे पहिले संचालक झाले. 1944 मध्ये त्याचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं, 1954 मध्ये संस्था देवनारला गेली. समाजकार्याचं शास्त्रशुद्ध शिक्षण या देशात नागपाड्याच्या चाळींच्या शेजारी सुरू झालं हे फार थोड्यांना माहीत असतं. पुस्तकातला समाज खिडकीतून समोर दिसत होता.

खेळांतला बास्केटबॉल इथे असा रुजला की नागपाडा म्हणजे बास्केटबॉल हे समीकरणच झालं. क्रिकेटला मोठं मैदान लागतं, पांढरे कपडे लागतात. बास्केटबॉलला एक चौक, एक चेंडू, दोन कड्या. या खेळाने इथल्या मुलांना नोकऱ्या मिळवून दिल्या, रेल्वेत आणि इतरत्र. भारतीय संघाचे कर्णधार झालेले आणि 1970 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर याच वस्तीतून वर आले. संध्याकाळी मस्तान तलावाच्या मैदानावर उभं राहिलं की सिमेंटवर चेंडू आपटल्याचा आवाज आणि त्यावर चार भाषांतल्या शिव्या एकदमच कानावर पडतात.

आणि नाटक-तमाशा. फॉकलंड रोडवर एकोणिसाव्या शतकात एकामागून एक नाटकगृहं उभी राहिली. 'प्ले हाऊस'चं लोकांनी 'पिला हाऊस' केलं. पारशी कंपन्यांची उर्दू नाटकं, मग मराठी तमाशे, मग सिनेमे. पठ्ठे बापूरावांच्या लावण्यांनी हा भाग गाजला. रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे. साताऱ्याकडचा तो ब्राह्मण कवी पवळा या नर्तकीबरोबर तमाशात उभा राहिला आणि गावाने त्याला वाळीत टाकलं. मुंबईच्या या नाक्यावर गिरणी कामगाराने त्याला डोक्यावर घेतलं.

याच पट्ट्यात गोलपिठ्याजवळच्या ढोर चाळीत नामदेव ढसाळ वाढले. 1949 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पूर-कानेरसरला जन्म, वडील मुंबईत खाटकाच्या दुकानात कामाला, पोर लहानपणीच इथे आलं. 1972 मध्ये त्यांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला आणि मराठी कवितेच्या शब्दकोशाला हादरा बसला. विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्याआधी ढसाळांबरोबर त्यांनी ही वस्ती फिरून पाहिली. त्या कवितांतल्या कितीतरी शब्दांचा अर्थ पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या वाचकाला विचारावा लागला. ते शब्द कुठून आले? मदनपुऱ्याच्या उर्दूतून, कामाठ्यांच्या तेलुगूतून, खाटकांच्या आणि दलालांच्या बोलीतून. मराठीचं नुकसान होईल अशी भीती मिक्स वस्तीच्या बाबतीत नेहमी बोलून दाखवली जाते. गोलपिठ्याने मराठीला काय दिलं हे त्या वेळी आठवावं.

बाहेरचा हा शब्द आपण सहज वापरतो, म्हणून एक आकडा सांगतो. 1921च्या शिरगणतीत मुंबईत राहणाऱ्या दर पाच माणसांपैकी किमान चार मुंबईबाहेर जन्मलेली होती. बाहेरून आलेल्यांत सर्वांत मोठा जिल्हा आपला रत्नागिरी. गावाला मनीऑर्डर पाठवणारा, शिमग्याला आणि गणपतीला बोट पकडणारा चाकरमानी हा त्या शहरातला सर्वांत नेहमीचा परगावचा माणूस होता. त्याला खोली मिळाली, गाववाल्यांच्या बैठकीत पथारी मिळाली, गिरणीत जॉबरच्या ओळखीने काम मिळालं. आज दुसऱ्या कुणाच्या बाबतीत आपण हेच शब्द वापरतो: ओळख, गाववाला, पथारी.

मिक्स वस्ती टिकण्यामागे एक रूक्ष कारणही आहे, आणि ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ते म्हणजे भाडं. 1896च्या सप्टेंबरात मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला. साथीनंतर 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून हवेशीर रस्ते करण्याच्या त्याच्या पहिल्या कामांत नागपाडा होतं. नव्या इमारती आल्या, बीआयटी चाळी आल्या, लांब व्हरांडे आणि ओळीने खोल्या. पुढे 1947च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940च्या पातळीवर बांधून टाकली. मालकाला भाडेकरू काढता येईना. भाडेकरू मात्र पगडी घेऊन खोली दुसऱ्याच्या नावे करून देऊ लागला. शेजारी कोण येणार हे सोसायटीची मीटिंग ठरवत नव्हती. ज्याच्याकडे पगडी, तो आला. इस्रायलला निघालेल्या ज्यू कुटुंबाची खोली मोमीनाने घेतली, गिरणी कामगाराने घेतली, केरळच्या नर्सने घेतली.

आता जुन्या इमारती पडतायत आणि त्यांच्या जागी मनोरे येतायत. मनोऱ्यात घर विकत घ्यावं लागतं, सोसायटीचं सभासद व्हावं लागतं. 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी संस्था सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवू शकते. कायद्याच्या दृष्टीने त्याची बाजू असेल. शहराच्या दृष्टीने त्याचा परिणाम रोज दिसतो: मांसाहारी नको, अमुक धर्माचा नको, एकटी बाई नको. भाड्याच्या खोलीने जे नकळत साधलं होतं ते मालकीचा फ्लॅट जाणूनबुजून मोडतो आहे.

वस्ती विरली ती मात्र एकाच कारणाने नाही. 1948 नंतर ज्यू निघाले. बगदादी बरेचसे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेले, बेने इस्रायल इस्रायलला. तिथे त्यांना पुन्हा तोच जुना प्रश्न विचारला गेला: तुम्ही खरे ज्यू का? लग्न लावण्याच्या बाबतीत अडवणूक झाली, निदर्शनं झाली, आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेला ठराव करून सांगावं लागलं की हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत. 1836ची भिंत समुद्रापार गेली होती. नागपाड्यात ज्यांना 'ज्यू' म्हणत ते तिथे 'हिंदी' झाले, आणि मग त्यांनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. 1962च्या युद्धानंतर चिनी कुटुंबांवर संशयाची नजर पडली. देशभरातले जवळजवळ 3,000 चिनी वंशाचे लोक राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबले गेले. माझगावचं त्यांचं छोटं मंदिर, 1919 सालचं, अजून चालू आहे. चिनी नववर्षाला तिथे उदबत्त्यांचा धूर होतो.

आणि 1992-93. डिसेंबर आणि जानेवारीत दंगलीच्या त्या दोन फेऱ्यांत मुंबईत सुमारे 900 माणसं मेली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात पोलीस ठाणेवार हकीकती आहेत, त्यात नागपाड्याची आहे. त्या अहवालाची ती पानं मी एका बैठकीत वाचून पूर्ण करू शकलो नाही. जाळपोळ थांबल्यावर जे घडलं त्याची नोंद कुठल्या अहवालात नीट नाही: लोकांनी खोल्या बदलल्या. हिंदू कुटुंबं हिंदू वस्त्यांकडे, मुसलमान मुंब्र्याकडे किंवा याच पट्ट्यात आणखी आत. पगडीच्या खोलीने चाळीसेक वर्षांत जे मिसळलं ते पुष्कळ ठिकाणी काही महिन्यांत निवडून वेगळं झालं.

तरी नाका उरतो. मागेन डेव्हिडच्या फाटकावर 26/11च्या हल्ल्यानंतर पोलीस बसतो. आत प्रार्थनेला दहा पुरुष जमवणं कठीण झालं आहे. शेजारच्या ससून शाळांत मात्र मुलं भरभरून आहेत आणि ती बहुतेक मुसलमान घरांतली. बगदादहून पळून आलेल्या माणसाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या शाळेत मदनपुऱ्याच्या विणकरांची पणतवंडं बाराखडी आणि अलिफ-बे गिरवतात. जेकब सर्कलहून, म्हणजे आताच्या संत गाडगे महाराज चौकातून, वरळीकडे जाणाऱ्या रस्त्याला डॉ. ई. मोझेस यांचं नाव आहे. हे एलिजा मोझेस राजपूरकर, 1937-38 मध्ये मुंबईचे महापौर. कोकणातल्या शनिवार तेल्यांच्या समाजातला माणूस या शहराचा प्रथम नागरिक झाला होता, हे त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

मदनपुऱ्यात आता हातमाग नाहीत. त्या खोल्यांत बॅगा, पर्सा आणि जरीकामाचे कारखाने आहेत. बिहारहून आलेली पोरं दिवसभर त्याच खोलीत शिवतात, रात्री टेबलाखाली अंथरूण टाकतात, जेवायला खानावळीत जातात, महिन्याला गावी पैसे पाठवतात. मोबाइलवर पाठवतात, एवढाच चाकरमान्यांच्या मनीऑर्डरपेक्षा फरक. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी नाक्यावर चहा घेत उभा होतो. विशीच्या आतला एक मुलगा समोरच्या पाटीकडे बराच वेळ बघत होता. पाटीवरची अक्षरं लावून झाल्यावर तो माझ्याकडे वळला.

"भैया, ये बेलासिस रोड कौनसा है?"

"हाच," मी म्हटलं. "यही है."

त्याने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पाठीवरची बॅग सावरून तो मुंबई सेंट्रलच्या दिशेने निघाला.